अंगठ्याखालचा छाप

"डोळं मिटा," ठकूमावशी म्हणाली.

मी मिटले. तिने माझा हात ओढून घेतला, तळव्यावर काहीतरी ओलं, गार ठेवलं आणि माझाच अंगठा धरून त्यावरून सावकाश फिरवला.

"काय घावतंय?"

"काहीच नाही. गुळगुळीत आहे."

"दाबू नका की. तान्ह्या लेकराच्या टाळूवर तेल घालतो तसा फिरवा. मधी तीन उंचवटं हायत बघा. दोन बगलंला, एक वर. आन् खालचा दांडा डावीकडं वाकलाय."

"त्रिशूळ," मी डोळे उघडत म्हणाले.

"त्रिशूळ टोचतो वो ताई. किती बी झिजला तरी टोकं टोचत्यात. ही टोकं न्हाईत, पानं हायत. बेल हाय ह्यो."

मागे गुडघाभर पाण्यात तिची सून सिंधू उभी होती. नुकतीच लग्न होऊन आलेली, जेमतेम विशीतली. हातातली लाकडी पाटी हेलकावत ती हसली. "आत्याबाईंचा अंगठा चुकत न्हाई ताई. अंधारात सुट्टे पैसे मोजत्यात त्या."

ही एक्क्याऐंशी सालच्या एप्रिलातली गोष्ट. कृष्णा आटली होती आणि धोमणीच्या घाटाच्या अगदी खालच्या, शेवाळलेल्या पायऱ्याही उघड्या पडल्या होत्या. घाटाखाली झारेकऱ्यांची पाच घरं होती. नदीतला गाळ पाटीत घ्यायचा, पाण्यात धुवायचा आणि तळाशी उरेल त्यातून सोन्याचा कण, मणी, जुनं नाणं असं जे मिळेल ते वेचायचं, हा त्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. उन्हाळ्यात नदी, एरवी सराफांच्या दुकानांतली झाडलोटीची माती.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. एका खाजगी संस्थेच्या छोट्याशा संग्रहालयात सहा वर्षं हंगामी साहाय्यक होते आणि पीएच.डी. करत होते. विषय होता कृष्णाकाठच्या टाकसाळी. मराठेशाहीतली तांब्याची शिवराई एकाच ठिकाणी पडत नसे. बऱ्याच गावांना टाकसाळीचे परवाने होते आणि कितीतरी टाकसाळी आपल्या नाण्यावर स्वतःची एक बारीक खूण उठवत. पण नाणं हातोहात फिरून झिजलं की ही खूणच आधी पुसट होते. तशी पुसट खूण ओळखून नाणं कुठलं ते सांगायचं, हे माझं काम. त्यात शरयू गोळेचा हात कुणी धरू शकत नाही, असं दोन-चार जाणकार म्हणायला लागले होते आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं मला ठकूमावशीने शिकवलं होतं. दोन वर्षं मी दर महिन्याला धोमणीला जात होते. नाण्याकडे सरळ बघायचं नाही, उन्हाच्या तिरिपेत आडवं धरायचं. ओतलेलं खोटं नाणं आणि ठोकलेलं खरं नाणं दगडावर टाकलं की वेगळं बोलतं. पायऱ्यांवरचं नाणं माणसांच्या हातांनी झिजलेलं असतं, पात्रातलं वाळूने. दोन्ही झिजा वेगळ्या. हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं होतं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मात्र तिचं नाव नव्हतं. 'स्थानिक माहितगार' एवढंच लिहिलं होतं.

प्रबंधातलं सगळ्यांत मोठं प्रकरण तीन टोकांच्या एका खुणेवर होतं. तशी त्रेचाळीस नाणी मी जमवली होती, सगळी फार झिजलेली. ती खूण त्रिशूळाची आहे आणि नाणी वीस कोसांवरच्या रहाळच्या टाकसाळीतली आहेत, असं मी मांडलं होतं. माझे मार्गदर्शक डॉ. आगटे या प्रकरणावर फार खूश होते. मे महिन्यात तोंडी परीक्षा होती. ती झाली की मला अभिरक्षक म्हणून कायम करायचं, असं संस्थेच्या चिटणिसांनी कबूल केलं होतं.

आणि मावशी म्हणत होती, बेल.

"मावशी, झिजल्यावर त्रिशूळाची टोकंही गोलच लागणार ना," मी म्हणाले.

"माझं ऱ्हाऊ द्या. तुमी तेजाबात घालून बघा. उठतंय."

तेजाब म्हणजे आम्ल. झारेकऱ्यांचं रोजचंच काम ते, सोनं वेगळं काढायला लागायचं. नाण्यावर ठसा जिथे जोराने बसलेला असतो तिथलं तांबं दबून घट्ट झालेलं असतं. वरची खूण झिजून गेली तरी आम्ल तो भाग आणि इतर भाग वेगवेगळ्या गतीने खातं. मग गेलेली खूण थोडा वेळ पुन्हा दिसते. हे मी पुस्तकात वाचलं होतं. केलं कधी नव्हतं.

"पातळ तेजाब घ्या," मावशी बजावून सांगू लागली. "आन् फुडनं हलायचं न्हाई. नजर काढायची न्हाई. दिसलं की झटक्यासरशी भायेर, पाण्यात. ते काय थांबत न्हाई. पाचधा श्वास दिसतं, मग समदंच खातंय."

"मग तुम्हीच का नाही करत?"

"म्या केलं तर म्हणत्याल, म्हातारीनं खिळ्यानं कोरलं. तुमी केलं तर सायबाला पटंल."

साहेब म्हणजे तहसीलदार. घाटावरच्या महादेवाच्या देवस्थानच्या नव्या मंडळाने त्यांच्याकडे अर्ज केला होता: घाटावरून नदीत पडणारा पैसा देवाला वाहिलेला असतो, झारेकरी तो चोरतात, त्यांना घाटावर मज्जाव करावा आणि त्यांची घरं उठवावीत. मावशीचं म्हणणं वेगळं होतं. देवळामागे पूर्वी टाकसाळ होती आणि तिच्या नाण्यावर महादेवाचा बेल असे. तिथली राख आणि माती धुऊन त्यातलं तांबं काढून देण्यासाठी तिच्या खापरपणज्याला धोमणीत आणून वसवलं होतं. टाकसाळ बंद पडली तेव्हा त्याच्या मोबदल्यात घाटाखालचं पात्र या पाच घरांना तोडून दिलं. हे सगळं तोंडी. कागद एकही नव्हता. तहसीलदार भला माणूस होता. टाकसाळ होती एवढं जरी सिद्ध झालं तरी तुमची वहिवाट मी धरीन, असं तो म्हणाला होता, आणि तज्ज्ञाचं मत मागवणारं पत्र त्याने आमच्या संग्रहालयाला पाठवलं होतं. तज्ज्ञ म्हणजे मी.

"ताई," नाणं फडक्यात बांधून देताना मावशी म्हणाली, "ह्या घाटावर आमाला समदी चोर म्हणत्यात. माझ्या सासऱ्याला एकदा पायरीवर बांधून मारला हुता. आमी चोर न्हाई. आमी कामाला आलेली माणसं हाव. तेवढं तुमी कागदावर आणा."

"आणते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले. त्रिशूळच निघणार याची मला खात्री होती, आणि तरी तिच्यासाठी दुसरा काही पुरावा शोधता येईल असंही वाटत होतं.

पुढच्या शनिवारी दुपारी संग्रहालयात मी ते नाणं आम्लात घातलं. बाहेर काढलं तेव्हा त्यावर काहीही नव्हतं.

सुनावणी बुधवारी होती. तालुक्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात ठकूमावशी, सिंधू आणि झारेकऱ्यांची आणखी चार-पाच माणसं माझ्या आधीच येऊन बसली होती. मावशीने धुवट हिरवं लुगडं नेसलं होतं. मला बघून ती उठली.

"उठलं?"

मी पर्समधून फडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. "नाही मावशी. काहीच उठलं नाही."

तिने गाठ सोडली. नाणं बघितलंसुद्धा नाही. डोळे मिटून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मग कडेवरून फिरवला. मग दोन बोटांत धरून जाडी बघितली. मी तिच्या चेहऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या सूचनाफलकाकडे बघत होते.

"लई वेळ ठिवलं का वो ताई?"

"तुम्ही सांगितलं तेवढाच."

"कड खाल्लीय."

"आम्ल जरा कडक असेल."

"फुडंच हुता न्हवं तुमी? नजर..."

"समोरच होते मावशी. सगळा वेळ. काही दिसलंच नाही, तर काय करू?"

माझा आवाज चढला असावा. सिंधूने चमकून माझ्याकडे पाहिलं. मावशीने मात्र मान हलवली आणि नाणं पुन्हा फडक्यात बांधलं. बांधताना तिचा अंगठा अजून त्याच्यावरून फिरत होता.

आत पाचच खुर्च्या होत्या. देवस्थानचे अध्यक्ष आणि त्यांचे वकील बसले होते. मला खुर्ची दिली. झारेकरी भिंतीशी उभे राहिले. तहसीलदारांनी माझं लेखी मत वाचून दाखवलं आणि चष्मा काढून विचारलं, "गोळेबाई, साध्या शब्दांत सांगा. धोमणीला टाकसाळ होती, असं दाखवणारं एखादं नाणं तुमच्या पाहण्यात आलंय का?"

"नाही."

"या बाईंनी दिलेलं नाणं?"

"ते मी रासायनिक प्रक्रिया करून तपासलं. त्यावर कुठलीही खूण मिळाली नाही. या भागात सापडणारी तीन टोकांची नाणी रहाळची आहेत. व्यापारात इकडे आलेली."

"नक्की?"

"माझ्या प्रबंधात मी ते सविस्तर दिलंय."

वकिलांनी मान डोलावली. तहसीलदार मावशीकडे वळून म्हणाले, "आजी, तुमचं काय म्हणणं आहे? तुम्ही तर म्हणत होता, नाण्यावर बेलाचं पान आहे."

ती काय बोलेल याची मला भीती होती. ती म्हणाली असती, आम्लात जास्त वेळ ठेवलं, कड बघा. तर तहसीलदारांनी कदाचित नाणं हातात घेतलं असतं, कदाचित दुसऱ्या कुणाचं मत मागवलं असतं. मी उत्तर मनात जुळवून ठेवलं होतं.

मावशी पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"मला तसं लागलं हुतं सायेब," ती म्हणाली. "पर ताईंनी बघितलंय. त्या शिकल्यात. त्यांस्नी दिसलं न्हाई म्हंजी नसंल. माझाच अंगठा चुकला."

"म्हणजे तुम्ही तो मुद्दा सोडता?"

"सोडला."

भिंतीशी उभ्या असलेल्या माणसांतून एकजण, "आगं ठके, काय बोलतीस!" म्हणून ओरडला. तिने वळून बघितलं नाही.

निकाल तिथेच झाला. पावसाळ्याच्या आत घाट सोडायचा होता. बाहेर आल्यावर मी एस.टी.कडे निघाले, तर मावशी मागून भरभर चालत आली. माझ्या दंडाला धरून तिने मला थांबवलं.

"ताई, तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमी खरं तेच सांगितलंत. लोक बोलतील, बोलू देत. म्या सांगीन त्यांस्नी, ताई लबाड बोलायच्या न्हाईत."

गाडी लागलेली होती. चढले.

मे महिन्यात माझी तोंडी परीक्षा उत्तम झाली. जुलैत मी कायम झाले. चार वर्षांनी प्रबंधाचं पुस्तक झालं आणि ते तीन टोकांचं प्रकरण विद्यार्थ्यांना नेमलं गेलं. 'रहाळ त्रिशूळ' हे नावच रूढ झालं. लिलावांच्या याद्यांतसुद्धा मी ते छापलेलं पाहिलं. धोमणीला मी पुन्हा कधी गेले नाही. पाच घरांपैकी तीन सांगलीला सराफकट्ट्यावरची माती धुवायला गेली, असं कुणाकडून तरी कळलं. चौऱ्याण्णव साली एक पोस्टकार्ड आलं. ठकूबाई वारल्या, दहावा अमुक तारखेला. खाली वेड्यावाकड्या अक्षरात 'सिंधू'. ते कार्ड मी दोन दिवस टेबलावर ठेवलं, मग एका फायलीत घातलं.

दोन हजार नऊ साली धोमणीच्या जरा वर नव्या पुलाचा पाया खणताना एक मडकं सापडलं. त्यात शंभरावर शिवराया होत्या, कोऱ्या करकरीत. टाकसाळीतून थेट जमिनीत गेलेल्या असाव्यात. मृणाल वाईकर नावाची एक तरुण संशोधक फोटो घेऊन माझ्या घरी आली. मी तेव्हा निवृत्त झाले होते. ती अवघडून बसली होती.

"मॅडम, मला सांगायला वाईट वाटतंय," ती म्हणाली. "पण हे बेलाचं पान आहे. आणि देठाशी बघा, 'धो' असं अक्षर आहे. तुमची ती त्रेचाळीस नाणी रहाळची नाहीत. धोमणीला टाकसाळ होती."

मी फोटो हातात घेतले. भिंगाची गरज नव्हती.

"वाईट कसलं," मी म्हणाले. "अभिनंदन."

मी लगेच नाणकशास्त्राच्या नियतकालिकाला एक टिपण पाठवलं. नव्या पुराव्याच्या प्रकाशात माझा पूर्वीचा निष्कर्ष मागे घेत आहे, असं. त्या वर्षीच्या परिषदेत मला मुद्दाम व्यासपीठावर बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, स्वतःची चूक इतक्या मोकळेपणाने कबूल करायला मोठं मन लागतं, तरुणांनी गोळेबाईंकडून हे शिकावं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. माझ्या अंगावर शाल घातली. मी हात जोडून, मान खाली घालून उभी राहिले आणि त्यांना तो विनय वाटला.

चौथ्या दिवशी मी धोमणीची गाडी धरली.

सिंधूचं घर आता घाटाखाली नव्हतं, स्टँडमागच्या वस्तीत होतं. मुलाने पिठाची गिरणी टाकली होती. ती दारात बसून ज्वारी निवडत होती. केस पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखलं.

"ताई! या, या. अगं, खुर्ची आण गं ताईंना." तिने आतल्या सुनेला हाक मारली. "किती वर्सांनी. आत्याबाई असत्या तर..."

मी बसले. पाणी घेतलं. इकडचं तिकडचं झालं. नवऱ्याला जाऊन सात वर्षं झाली होती. पुलापाशी मडकं सापडल्याचं तिने ऐकलं होतं, पण त्यात काय निघालं ते तिला माहीत नव्हतं.

"मावशींचे शेवटचे दिवस कसे गेले?" मी विचारलं.

"दुखणं असं काय न्हवतं." सिंधूने सूप बाजूला ठेवलं. "पर घाट सुटल्यावर त्या बदलल्या. सराफाची माती आणायचो, धुवायचो, त्यात कायतरी यायचं. पूर्वी अंगठा लावला की सांगायच्या. नंतर हातच लावीनात. म्हणायच्या, मला नगं दावूस, माझं चुकतंय. फुडं फुडं तर बाजारात सुट्टे पैसं घेतले की मला इचारायच्या, 'सिंधे, बघ गं, ह्ये आठ आण्याचंच हाय न्हवं?' आठ आण्याचं नाणं, ताई. डोळं चांगलं हुतं त्यांचं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. मी बोलायला सुरुवात केली, कारण आणखी थोडं थांबले असते तर बोलले नसते.

"सिंधू, मावशींचा अंगठा चुकला नव्हता."

ती बघत राहिली.

"त्या मडक्यातल्या नाण्यांवर बेलाचं पान आहे. धोमणीला टाकसाळ होती. त्या म्हणत होत्या तशीच."

"खरं?" तिचा चेहरा उजळला. एकदम तरुण दिसली. "म्हंजी तुमाला तवा कळलं न्हाई, आन् आता..."

"तेव्हाच कळलं होतं."

इथपर्यंत आल्यावर मागे फिरता येत नव्हतं. मी तिला त्या शनिवारची दुपार सांगितली, जी मी कुणालाच सांगितली नव्हती. शिपाई जेवायला गेला होता. मी काचेच्या ताटलीत पातळ आम्ल घेतलं, मावशीने सांगितलं तसंच, आणि नाणं सोडलं. बाजूला कॅमेरा स्टँडवर लावून ठेवला होता, त्रिशूळाचा फोटो घ्यायला. बारीक बुडबुडे आले, पाणी निळसर झालं. मी नजर हलवली नाही. आणि मग ते वर आलं. तीन पानं, मधल्या पानाची शीर, डावीकडे वाकलेला देठ. देठाच्या टोकाशी 'धो'. त्या अक्षराचं मावशीलाही माहीत नव्हतं. तिला वाचता येत नव्हतं. सगळं इतकं स्पष्ट होतं की मला हसू आलं. म्हातारी बरोबर होती, असं मी मोठ्याने म्हणाले. चिमटा उचलला. मग ते प्रकरण डोळ्यांपुढे आलं, ती त्रेचाळीस नाणी, डॉ. आगटे, तोंडी परीक्षेची तारीख. मी चिमटा परत टेबलावर ठेवला.

"परत ठेवला," मी सिंधूला म्हणाले. "आणि बघत बसले. देठ आधी गेला. मग अक्षर. मग एकेक पान. मधलं पान शेवटी गेलं. बाहेर काढलं तेव्हा त्यावर काही नव्हतं, हे मी तेव्हा सांगितलं ते खरंच होतं."

सून चहाचे कप घेऊन दारात आली. सिंधूने तिच्याकडे न बघता हातानेच आत जा म्हणून सांगितलं. ती कप घेऊन परत गेली.

"आमी पाची घरं उठलो," सिंधू शेवटी म्हणाली. आवाज शांत होता. "तुमाला ठावं हुतं तवा, आमी उठणार म्हणून?"

"हो."

"आन् कचेरीत त्या स्वतःला खोट्या म्हणल्या, तवा तुमी तिथं बसला हुता."

"हो."

"खुर्चीवर."

"हो."

"म्या कार्ड टाकलं हुतं. त्यांनीच सांगून ठिवलं हुतं, ताईंना कळव म्हणून. मिळालं हुतं?"

"मिळालं होतं."

तिने सूप पुढ्यात ओढलं. मी म्हणाले की हे सगळं मी लिहून छापणार आहे, मावशींच्या नावानिशी. आम्लाचंसुद्धा. मी क्षमा मागितली की नाही, ते मला आता आठवत नाही. ज्वारीतले खडे ती एकेक करून बाजूला काढत होती.

"साताऱ्याची गाडी साडेपाचला हाय," ती म्हणाली. "आता निघालात तर घावंल."

स्टँड तिथून दिसत होता. चार वाजायला अजून दहा मिनिटं होती.

मी उठले.